‘टू मेनी ओपन फाइल्स’: क्लाउडवरच्या डेटाबेसची फाइलमर्यादा नेमकी कुठे अडते आणि ती कशी सोडवायची

डेटाबेसच्या एरर लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही ओळ दिसली की बहुतेकांचा हात आधी लिमिट्स.कॉन्फ या लिनक्सच्या मर्यादांच्या फाइलीकडे जातो. आकडा वाढवला, सर्व्हर रीस्टार्ट केला, नव्या टर्मिनलमध्ये यूलिमिट (मर्यादा दाखवणारा हुकूम) चालवून बघितलं, ६५५३५ आलं, विषय मिटला. मग पुढच्या महिन्याच्या १ तारखेला तीच ओळ पुन्हा हजर. तपासली गेली ती तुमच्या टर्मिनलची मर्यादा होती; डेटाबेसला त्याची मर्यादा कुणी विचारलीच नाही.

एक खुलासा आधीच. इथे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाकायची, सगळी लहान अक्षरांत. मोठी अक्षरं जिथे लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

फाइल म्हणजे फक्त फाइल नाही

पे अँड पार्कवरचा माणूस प्रत्येक गाडीला एक बिल्ला देतो. टेम्पो असो की स्कूटर, बिल्ला एकच. बिल्ले संपले की मैदान अर्धं रिकामं असलं तरी पुढची गाडी बाहेरच. लिनक्समधला फाइल डिस्क्रिप्टर हा तसाच बिल्ला आहे. डिस्कवरची डेटा फाइल उघडली की एक जातो, अ‍ॅपकडून आलेल्या प्रत्येक नेटवर्क कनेक्शनला एक, लॉगला एक, पाइपला एक. म्हणून डिस्कवर भरपूर जागा, रॅम मोकळी, सीपीयू आरामात, आणि तरीही डेटाबेस नवं कनेक्शन घ्यायला नकार देतो, असं चित्र दिसतं.

आधी नीट वाचा: चूक कुणाची, क्रमांक कोणता

ओळ कोणत्या मशीनच्या लॉगमध्ये आहे ते बघा. जावाच्या स्टॅक ट्रेसमध्ये सॉकेट एक्सेप्शनसोबत ती आली असेल, तर बिल्ले अ‍ॅप सर्व्हरचे संपले आहेत. डेटाबेसवर कितीही मर्यादा वाढवली तरी तिथे फरक पडणार नाही.

ओळ डेटाबेसचीच असेल तर एरर क्रमांक बघा. २४ म्हणजे त्या एका प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) मर्यादा संपली. २३ म्हणजे अख्ख्या मशीनची संपली. संदेशाच्या शेवटी ‘इन सिस्टिम’ हे जादा शब्द असतात आणि घाईत तेच नजरेतून सुटतात. १३ असेल तर परवानगीचा प्रश्न, २८ असेल तर डिस्कवरची जागा किंवा आयनोड (फाइलींच्या नोंदी) संपलेत. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्यासोबत ‘पीएरर’ नावाचं छोटं साधन येतं. त्याला क्रमांक दिला की अर्थ सांगतं. इनोडीबी हे मायएसक्यूएलचं मूळचं स्टोरेज इंजिन हीच गोष्ट ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर नंबर २४’ अशा शब्दांत लिहितं, आणि नवी कनेक्शनं घेता येत नसतील तर ‘एरर इन अ‍ॅक्सेप्ट’ अशी ओळ येते. कधी एखादं टेबल उघडत नाही म्हणून तक्रार येते आणि कुणीतरी टेबल खराब झालं समजून रिपेअर चालवायला घेतं. क्रमांक २४ असताना रिपेअरला हात लावू नका. टेबल शाबूत आहे, ते उघडायला बिल्ला नाही एवढंच.

एक फसवा प्रकारही आहे. डेटाबेस व्यवस्थित चालू आहे, पण ‘टेल -एफ’ किंवा लॉग गोळा करणारा एजंट हीच तक्रार करतोय. तिथे बहुधा आयनोटिफायची (फाइलींतले बदल कळवणाऱ्या लिनक्समधल्या सोयीची) मर्यादा संपलेली असते. ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_इन्स्टन्सेस’ हे सेटिंग बऱ्याच ठिकाणी १२८ असतं, ते वाढवायचं. खाली लिहिलेल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

आणि वेळ जुळवताना सांभाळा. क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. मुंबईत रात्री २ वाजता सुरू होणारा बॅकअप लॉगमध्ये आदल्या तारखेच्या २०:३० ला दिसेल. साडेपाच तासांचा हा फरक विसरला की दोष भलत्याच जॉबवर जातो.

प्रोसेसलाच विचारा

प्रोसेसचा क्रमांक काढा:

पिडऑफ मायएसक्यूएलडी

समजा ४१२७ आला. आता:

सुडो ग्रेप -आय "ओपन फाइल्स" /प्रॉक/४१२७/लिमिट्स

इथे दोन आकडे दिसतात. पहिला सॉफ्ट, म्हणजे आत्ता लागू असलेली मर्यादा. दुसरा हार्ड, म्हणजे प्रोसेस स्वतःहून सॉफ्ट मर्यादा जिथपर्यंत वाढवू शकते ती वरची हद्द. हार्ड मर्यादा वाढवायला रूटसारखा (सर्वाधिकारी यूजरचा) अधिकार लागतो आणि डेटाबेस तर ‘मायएसक्यूएल’ या साध्या यूजरखाली चालतो. म्हणून माय.सीएनएफ या डेटाबेसच्या कॉन्फिग फाइलीत कितीही मोठा आकडा लिहिला तरी वरून हार्ड मर्यादा १०००० मिळाली असेल तर गाडी १०००० वरच थांबते.

आत्ता किती बिल्ले वापरात आहेत:

सुडो एलएस /प्रॉक/४१२७/एफडी | डब्ल्यूसी -एल

यासाठी ‘एलएसओएफ’ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) नुसतं चालवून ओळी मोजू नका. त्यात मेमरीत मॅप झालेल्या लायब्ररी, चालू डिरेक्टरी वगैरे बिल्ला न घेणाऱ्या गोष्टीही येतात, काही आवृत्त्यांत तर प्रत्येक थ्रेडसाठी तीच यादी पुन्हा छापली जाते. आकडा काही पटींनी फुगतो आणि उगाच घाम फुटतो.

बिल्ले कुणी घेतलेत हे कळायला वरच्याच कमांडमध्ये ‘एलएस’ला ‘-एल’ जोडून यादी डोळ्यांखालून घाला. ‘सॉकेट’ अशा ओळींची गर्दी असेल तर कनेक्शनं जास्त आहेत. ‘.आयबीडी’ नी संपणाऱ्या, म्हणजे इनोडीबी टेबलांच्या, फाइलींची गर्दी असेल तर टेबलं जास्त आहेत. कंसात ‘डिलीटेड’ लिहिलेल्या ओळी खूप असतील तर पुसलेल्या फाइली कुणीतरी धरून बसलंय. पुढचा सगळा उपाय या एका निरीक्षणावर ठरतो, त्यामुळे इथे दोन मिनिटं जास्त घालवली तरी चालतील.

मशीनभरचा हिशेब ‘/प्रॉक/सिस/एफएस/फाइल-एनआर’ मध्ये असतो. त्यात तीन आकडे: वाटलेले बिल्ले, मधला जवळजवळ नेहमी ०, आणि शेवटी एकूण मर्यादा. लिनक्सच्या नव्या वितरणांत सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम, ही एकूण मर्यादा इतकी प्रचंड ठेवतं की २३ क्रमांकाची चूक आता क्वचितच भेटते. जुन्या सर्व्हरवर मात्र बघाच.

मर्यादा उतरते कशी

सर्वांत वर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यात ‘एफएस.एनआर_ओपन’ म्हणून एक सेटिंग आहे, मूळचं १०४८५७६. कुठल्याही एका प्रोसेसला यापेक्षा जास्त देता येत नाही. त्याखाली सिस्टिमडी, जो प्रत्येक सेवेला तिच्या युनिट फाइलप्रमाणे (सेवेच्या सेटिंग्जच्या फाइलीप्रमाणे) मर्यादा वाटतो. त्याखाली डेटाबेसचं स्वतःचं कॉन्फिग. वरच्या पायरीने दिलेल्या आकड्याच्या पलीकडे खालची पायरी जाऊ शकत नाही.

यात ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ती फाइल पॅम नावाची यंत्रणा वाचते आणि पॅम लॉगिनच्या वेळी कामाला येतं: एसएसएचने आत आलात, ‘एसयू’ केलंत की. सिस्टिमडीने बूटच्या वेळी सुरू केलेली सेवा लॉगिन करत नाही. म्हणून ‘एसयू’ करून मायएसक्यूएल यूजरची यूलिमिट बघणं हीसुद्धा फसवणूकच. ती पॅममधून आलेली मर्यादा दिसते, चालू सेवेची नाही.

सॉफ्ट मर्यादा अजून १०२४ वर का अडली आहे, असा प्रश्न पडतो. ‘सिलेक्ट’ हा जुना सिस्टिम कॉल १०२४ च्या पुढचे डिस्क्रिप्टर हाताळू शकत नाही, आणि तो वापरणारे प्रोग्राम अजून आहेत. त्यांच्यासाठी सॉफ्ट खाली ठेवून सिस्टिमडीच्या २४० व्या आवृत्तीपासून हार्ड ५२४२८८ केली गेली. त्याआधीच्या सिस्टिमवर हार्ड मर्यादा बऱ्याचदा ४०९६ असते.

२१४, ८१९ आणि बाकी ओळखीचे आकडे

मॅक्स_कनेक्शन्स ५०० लिहिलंय, सर्व्हर मात्र २१४ दाखवतो. हा आकडा दिसला की निदान झालंच समजा. मायएसक्यूएल सुरू होताना गणित मांडतं: १० स्वतःसाठी, अधिक मॅक्स_कनेक्शन्स, अधिक टेबल_ओपन_कॅशची (उघड्या ठेवायच्या टेबलांच्या संख्येची) दुप्पट. एवढे बिल्ले मिळाले नाहीत तर ते टेबल_ओपन_कॅश कमीत कमी ४०० पर्यंत खाली आणतं आणि उरलेलं कनेक्शनांना देतं. १०२४ वजा १० वजा ८००, उत्तर २१४. मर्यादा ५००० असेल तर याच गणिताने जास्तीत जास्त ४१९० कनेक्शनं मिळतात. मर्यादा १०२४ आणि कनेक्शनं मूळची १५१ असतील तर कॅश ४३१ वर येऊन थांबतो. एरर लॉगमध्ये सर्व्हर सुरू झाल्यावर ‘चेंज्ड लिमिट्स’ नी सुरू होणाऱ्या ओळी शोधा. किती मागितलं आणि किती मिळालं दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. ती ओळ इशारा म्हणून येते, चूक म्हणून नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणी वाचत नाही.

मोंगोडीबी (हा वेगळा डेटाबेस) कनेक्शनांसाठी मर्यादेच्या ८० टक्के धरतं. १०२४ चे ८० टक्के ८१९. लॉगमध्ये ८१९ कनेक्शनांनंतर नकार दिसला की काय झालंय ते वेगळं शोधायला नको.

किती हवेत, याचा हिशेब

६५५३५ हा आकडा सगळीकडे फिरतो आणि बहुतेक ठिकाणी पुरतोही. तरी हिशेब मांडून बघा, कारण त्यात खरी गळती सापडते.

हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं सॉफ्टवेअर घेऊ. अंधेरी ते डोंबिवली मिळून ३०० सोसायट्या, प्रत्येकीची वेगळी स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र गट), प्रत्येक स्कीमात ६० टेबलं. झाली १८००० टेबलं, आणि इनोडीबीत प्रत्येक टेबलाची वेगळी .आयबीडी फाइल हा ५.६ आवृत्तीपासूनचा मूळ शिरस्ता आहे. एरवी दिवसभरात पाचपन्नास सोसायट्यांचेच लोक आत येतात. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र सगळ्यांची बिलं एका दमात निघतात आणि सगळ्या स्कीमा उघडतात. म्हणून हा आजार तारखेवर येतो.

कनेक्शनं: ६ अ‍ॅप सर्व्हर, प्रत्येकाचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) ५० चा, म्हणजे ३००. थोडी सवड ठेवून मॅक्स_कनेक्शन्स ४००. एका क्वेरीत जास्तीत जास्त ८ टेबलं जोडली जात असतील तर टेबल_ओपन_कॅश किमान ४०० गुणिले ८, म्हणजे ३२००. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मुळातच ४००० असतो, तो राहू द्या. गणित: १० अधिक ४०० अधिक ८०००, एकूण ८४१०. मायएसक्यूएलच्या अधिकृत पॅकेजमधल्या युनिट फाइलीत १०००० दिलेले असतात, म्हणजे हे बसतं. पण कुणी कनेक्शनं २५०० केली की गरज १०५१० होते आणि सर्व्हर गुपचूप कात्री लावतो.

ही दुप्पट मायआयसॅम या जुन्या इंजिनाच्या काळाची आहे, तेव्हा टेबलाला डेटा आणि इंडेक्स अशा दोन फाइली असत. इनोडीबीत एक फाइल कितीही कनेक्शनांनी वापरली तरी एकदाच उघडते आणि एकाच वेळी किती उघड्या ठेवायच्या ते इनोडीबी_ओपन_फाइल्स ठरवतं. तो आकडा भरला की जुनी फाइल बंद करून नवी उघडली जाते; चूक येत नाही, पण सतत उघडझाप सुरू राहून वेग मंदावतो. ‘ओपन्ड_टेबल्स’ हा काउंटर सुरुवातीच्या तासाभरानंतरही भराभर वाढत असेल तर कॅश लहान आहे.

पार्टिशन, म्हणजे एकाच टेबलाचे वेगळ्या फाइलींतले तुकडे, हा लपलेला खादाड. दिवसागणिक पार्टिशन केलेलं वर्षभराचं एक टेबल म्हणजे ३६५ फाइली. अशी दहा टेबलं असली तर मूळ अंदाजच कोसळतो. टेबलं मोजताना डेटा डिरेक्टरीतल्या .आयबीडी फाइली ‘फाइंड’ने मोजा, स्कीमाच्या कागदावरून नाही.

सकाळी साडेनऊला आग लागली असेल तर

रीस्टार्ट न करता चालू प्रोसेसची मर्यादा वाढवता येते:

सुडो पीआरलिमिट --पिड ४१२७ --नोफाइल=६५५३५:६५५३५

नवी कनेक्शनं लगेच आत यायला लागतात. पण मायएसक्यूएलने सुरू होताना मांडलेलं गणित यामुळे बदलत नाही, आणि प्रोसेस पुन्हा सुरू झाली की हा बदलही गेला. रात्रीपर्यंत तग धरायला एवढं पुरे.

कायमचा उपाय

सेवेचं नाव उबंटूवर ‘मायएसक्यूएल’, रेड हॅट घराण्यात ‘मायएसक्यूएलडी’, मारियाडीबी असेल तर ‘मारियाडीबी’.

सुडो सिस्टिमसीटीएल एडिट मायएसक्यूएल

एडिटर उघडेल. त्यात दोन ओळी:

[सर्व्हिस]
लिमिटएनओफाइल=६५५३५

पहिल्या ओळीत सर्व्हिसचं पहिलं अक्षर मोठं. दुसऱ्या ओळीत लिमिटचा पहिला ‘एल’ मोठा आणि त्यापुढची एन, ओ, एफ, आय, एल, ई ही सहाही अक्षरं मोठी. एकच आकडा दिला तर सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही तोच होतो.

सेव्ह केल्यावर ‘/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/मायएसक्यूएल.सर्व्हिस.डी’ या डिरेक्टरीत ‘ओव्हरराइड.कॉन्फ’ तयार होते. पॅकेजने दिलेली मूळ युनिट फाइल कधीही थेट बदलू नका. पुढच्या अपडेटला ती नव्याने लिहिली जाते.

मग माय.सीएनएफमध्ये, उबंटूवर मायएसक्यूएल.कॉन्फ.डी मधल्या मायएसक्यूएलडी.सीएनएफमध्ये, ‘मायएसक्यूएलडी’ विभागाखाली:

ओपन_फाइल्स_लिमिट=६५५३५
मॅक्स_कनेक्शन्स=४००
टेबल_ओपन_कॅश=४०००

नंतर:

सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट मायएसक्यूएल

रीस्टार्ट रात्रीच करा. बफर पूल (डेटाची रॅममधली साठवण) पुन्हा गरम व्हायला वेळ लागतो आणि तोवर क्वेरी रेंगाळतात. झाल्यावर पुन्हा प्रॉकमधली लिमिट्स फाइल बघा, नव्या प्रोसेस क्रमांकाची. ‘सिस्टिमसीटीएल शो’ वर विसंबू नका: ते सिस्टिमडीच्या डोक्यात काय आहे ते सांगतं, आणि रीलोड करून रीस्टार्ट विसरलात तरी नवाच आकडा दाखवतं. शेवटी डेटाबेसच्या आतून ‘शो व्हेरिएबल्स’ने ओपन_फाइल्स_लिमिट आणि मॅक्स_कनेक्शन्स जुळतात का ते पाहा.

इथे लोक अडकतात

‘एडिट’ केल्यावर एडिटरमध्ये टिपेच्या ओळी येतात आणि त्यातली एक सांगते की तिच्याखाली लिहिलेलं टाकून दिलं जाईल. खाली मूळ युनिट फाइल दिसत असते म्हणून लोक तिथेच बदल करतात. सेव्ह होतं, पण बदल उडून जातो. तुमच्या ओळी वरच्या मोकळ्या जागेतच हव्यात.

विभागाचं नाव चुकून ‘युनिट’ टाकलं तर सिस्टिमडी ती ओळ अनोळखी म्हणून सोडून देतं आणि सेवा जुन्याच मर्यादेवर सुरू होते.

आकडा एनआर_ओपनपेक्षा मोठा दिला तर सेवेला तो मिळत नाही, काही वेळा तर ती सुरूच होत नाही. तेव्हा स्टेटसमध्ये ‘२०५/लिमिट्स’ दिसतं. हीच चूक लिमिट्स.कॉन्फमध्ये केली तर जास्त भारी पडते: पॅमला मर्यादा लावता येत नाही, नवं एसएसएच सत्र उघडत नाही, सुडोही चालत नाही, आणि सर्व्हर चालू असून तुम्ही बाहेर. क्लाउडवर मग डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला जोडा, फाइल दुरुस्त करा, परत लावा, असा खेळ होतो. त्या फाइलीला हात लावण्याआधी रूटचं एक सत्र उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच ते बंद करा. नोफाइलला ‘अनलिमिटेड’ हा शब्द देऊ नका. आणि तिथली चांदणी (सगळ्या यूजरसाठीची * खूण) रूटला लागू होत नाही, रूटसाठी वेगळी ओळ लिहावी लागते.

‘सुडो यूलिमिट’ चालत नाही म्हणून गोंधळू नका. यूलिमिट हा शेलच्या पोटातला हुकूम आहे, वेगळा प्रोग्राम नाही.

पोस्टग्रेसची चाल वेगळी

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते आणि प्रत्येकीला मॅक्स_फाइल्स_पर_प्रोसेस इतक्या, म्हणजे मुळात १०००, फाइली उघडायची मुभा. १०२४ च्या आत बसणारा आकडा. त्यामुळे एका प्रोसेसची मर्यादा सहसा फुटत नाही. ३०० कनेक्शनं मिळून मात्र ३ लाखांपर्यंत जाऊ शकतात आणि जुन्या, लहान मशीनवर पूर्ण सिस्टिमची मर्यादा फुटते. लॉगमध्ये ‘आउट ऑफ फाइल डिस्क्रिप्टर्स’ आणि शेवटी ‘रिलीज अँड रिट्राय’ असं दिसेल. पोस्टग्रेस स्वतः जुन्या फाइली बंद करून सावरून घेतो. त्याच मशीनवरच्या इतर प्रोग्रामांचे हाल होतात. इथे मर्यादा वाढवण्याऐवजी मॅक्स_फाइल्स_पर_प्रोसेस कमी करणं किंवा पुढे पीजीबाउन्सर (कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ) लावून कनेक्शनं आटोक्यात आणणं जास्त शहाणपणाचं.

मर्यादा वाढवायचीच असेल तर डेबियन आणि उबंटूवर ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ ही सेवा नुसती नावाची आहे. ती काहीच चालवत नाही. तिच्यावर ओव्हरराइड टाकून काही होत नाही. खरी सेवा ‘पोस्टग्रेएसक्यूएल@१६-मेन’ अशा नावाची असते, आवृत्ती तुमची जी असेल ती. ओव्हरराइड तिच्यावर.

मोंगोडीबीचं थोडक्यात: शिफारस ६४००० ची, त्याखाली असेल तर सुरू होतानाच इशारा देतं. प्रत्येक कलेक्शनला एक फाइल आणि प्रत्येक इंडेक्सलाही एक, त्यामुळे हौसेने बनवलेले इंडेक्स इथे नडतात.

डॉकरमध्ये असेल तर

डॉकर प्रोग्रामला कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवतं. कंटेनरच्या आतल्या लिमिट्स.कॉन्फला काही अर्थ नाही. मर्यादा डॉकरच्या सेवेकडून येते, किंवा कंटेनर सुरू करताना दिलेल्या ‘--यूलिमिट नोफाइल=६५५३५:६५५३५’ मधून. डॉकर कंपोझ (कंटेनरची मांडणी फाइलीत लिहिण्याचं साधन) वापरत असाल तर ‘यूलिमिट्स’ खाली सॉफ्ट आणि हार्ड वेगवेगळे लिहा.

जास्त झालं तरी त्रास होतो, याचं चांगलं उदाहरण इथेच मिळतं. डॉकरच्या युनिट फाइलीत मर्यादा ‘इन्फिनिटी’ असेल तर काही वितरणांत ती १०७३७४१८१६ होते. मायएसक्यूएल ५.७ एवढ्या बिल्ल्यांची नोंदवही ठेवायला सुरू होतानाच कित्येक जीबी मेमरी मागतं आणि कर्नल त्याला मारून टाकतो. लॉगमध्ये फाइलींचा उल्लेखही नसतो. ५.७ चा कंटेनर कारण नसताना मेमरी खाऊन मरत असेल तर आधी हे बघा.

मॅनेज्ड डेटाबेस

क्लाउडच्या कन्सोलमधल्या कोटा पानावर ही मर्यादा शोधू नका, ती तिथे नसते. मुंबई रीजन घ्या की हैदराबाद, ती मशीनवरच्या लिनक्सची आहे. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस किंवा गूगलच्या क्लाउड एसक्यूएलसारख्या सेवेत, जिथे डेटाबेस कंपनीच सांभाळते, तर मशीनच्या शेलपर्यंत पोचताच येत नाही. तिथे तुमच्या हातात राहतं ते पॅरामीटरमधून कनेक्शनं आणि कॅश जुळवणं, आणि अ‍ॅपचे पूल आवरणं.

बॅकअप आणि गळती

फक्त रात्री २४ क्रमांक येत असेल तर बॅकअपकडे बघा. मायएसक्यूएलडम्प (बॅकअपची कमांड) टेबलांना कुलूप लावून चालवलं की ते एका स्कीमातली सगळी टेबलं एकदम उघडायला लावतं, आणि ‘लॉक टेबल्स’च्या उल्लेखासह चूक येते. सगळी टेबलं इनोडीबीत असतील तर ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ द्या. एक्स्ट्राबॅकअप हे बॅकअपचं साधन वेगळी प्रोसेस आहे, तिला तिची स्वतःची मर्यादा लागते. क्रॉनमधून (वेळापत्रकानुसार आपोआप) चालत असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘यूलिमिट -एन ६५५३५’ टाका.

मर्यादा दुप्पट केली आणि तीही हळूहळू भरली, तर कुठेतरी गळती आहे. ‘शो प्रोसेसलिस्ट’मध्ये झोपलेली कनेक्शनं मोजा. वेट_टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ ठेवायचं ते) मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. सकाळी १० ला उघडून विसरलेलं कनेक्शन संध्याकाळी ६ पर्यंत बिल्ला अडवून बसतं. ते ६०० वर आणा, पण अ‍ॅपच्या पूलची कनेक्शन-आयुमर्यादा त्याहून कमी ठेवा, नाहीतर पूल मेलेलं कनेक्शन हातात देईल आणि नवी तक्रार सुरू होईल. पुसलेल्या फाइली धरून ठेवणारी प्रोसेस ‘एलएसओएफ +एल१’ दाखवतं, ‘एल’ मोठा.

पाळत

दर मिनिटाला प्रॉकमधल्या एफडी डिरेक्टरीतली संख्या नोंदवा आणि मर्यादेच्या ७० टक्क्यांवर इशारा लावा. प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं देखरेखीचं साधन) वापरत असाल तर एक सावधगिरी: मायएसक्यूएल एक्स्पोर्टरकडून येणारा ‘प्रोसेस_ओपन_एफडीज’ हा आकडा एक्स्पोर्टरचा स्वतःचा असतो, डेटाबेसचा नाही. तो कायम दहा-वीसवर निवांत बसलेला दिसतो. मायएसक्यूएलचा ‘ओपन_फाइल्स’ काउंटरही सॉकेट आणि इनोडीबीच्या फाइली मोजत नाही. त्यासाठी ‘इनोडीबी_नम_ओपन_फाइल्स’ वेगळा बघा.

ओव्हरराइड फाइल मशीनच्या इमेजमध्ये किंवा अ‍ॅन्सिबलमध्ये (सर्व्हरची सेटिंग्ज आपोआप लावणाऱ्या साधनात) घातली आहे ना, तेही पाहून घ्या. हाताने सुधारलेला मुख्य सर्व्हर पडला की जागेवर येणारा रेप्लिका (त्याची प्रत) जुन्याच मर्यादेवर चालू असतो, आणि सगळी कनेक्शनं नेमकी त्याच क्षणी त्याच्यावर येऊन आदळतात. रेप्लिकावरची लिमिट्स फाइल आजच उघडून बघा.